सगळं मिळूनही रितं वाटतं, तेव्हा ख्रिस्ती आशा म्हणजे नेमकं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. खारघरला राहणारे, चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ लिहितात. घराणं नगर जिल्ह्यातलं, तीन-चार पिढ्यांचं ख्रिस्ती. वडील कामासाठी ठाण्याला आले आणि वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झाले. स्वतः ऐरोलीला आयटीत आहेत. दोन बेडरूमचं घर आहे, कर्ज फिटत आलंय, एक मुलगी आहे. गेल्या वर्षी वडील गेले आणि तेव्हापासून ‘सगळं आहे, पण कशातच काही नाही’ असं झालंय. नाताळ आणि ईस्टरला चर्चला जातात. घरी प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. हे बायकोलाही अजून सांगितलेलं नाही. ते विचारतात, ‘ख्रिस्ती आशा म्हणजे मेल्यावर स्वर्ग मिळणार, एवढंच का? मग सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना तिचा उपयोग काय? आणि मुलगी विचारते, आजोबा आता कुठे आहेत. तिला काय सांगू?’

मी पाळक आहे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या मराठी मंडळ्यांमध्येच माझी सेवेची वर्षं गेली. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणारी माणसं बहुतेकदा हप्ते थकलेली नसतात. उलट हप्ते संपत आलेली असतात. डोक्यावर कर्ज आहे तोवर माणसाला धावायला कारण असतं: एवढं फिटू दे, मग निवांत जगू. ते फिटत येतं आणि पुढे काहीच दिसत नाही. त्यात घरातलं थोरलं माणूस जातं. आता रांगेत आपला नंबर पुढे आला, हे कुणी बोलून दाखवत नाही, पण प्रत्येकाला कळतं.

आशेबद्दल बोलण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, कारण ती राहून गेली तर पुढचं सगळं सांगणं वाया जाईल. झोप नीट लागते का? जेवण जातं का? पूर्वी ज्यात जीव रमायचा, मुलीशी खेळणं असेल, क्रिकेट असेल, गाणी असतील, त्यातलं काहीच नको वाटतं का? हे रोज, दिवसभर आणि दोन आठवड्यांहून जास्त चालू असेल तर ते नैराश्य असू शकतं. तो आजार आहे आणि त्यावर उपचार होतात. मरणाचे विचार येत असतील तर आजच घरच्या माणसाला सांगा आणि १४४१६ या ‘टेलिमानस’च्या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. त्याचं नाव काढलं की लोक अजून दबकतात, हे मला फार खुपतं. एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता माझा जीव घे’ म्हणाला, ती गोष्ट बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे. तिथे देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, मग देवदूताकडून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं. बोलणं झालं ते त्यानंतर कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर. डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या तर विश्वास कमी पडला, असं कुणी तुम्हाला सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

आता पोकळीकडे वळतो. ती अविश्वासाची खूण आहे अशी भीती तुमच्या पत्रात जाणवते. तशी ती नाही. जे तुम्ही बायकोलाही सांगू शकला नाहीत, ते पवित्र शास्त्रात एका अख्ख्या पुस्तकात लिहून ठेवलंय. उपदेशक हे पुस्तक तुमच्या घरच्या बायबलमध्ये नीतिसूत्रांच्या लगेच पुढे सापडेल. जेमतेम बारा अध्याय आहेत. एका बैठकीत वाचा, तुकड्या-तुकड्यांनी नको. दुसऱ्या अध्यायातला माणूस सांगतो की मी घरं बांधली, द्राक्षमळे लावले, बागा केल्या, झाडांना पाणी द्यायला तळी खोदली, सोनं-रुपं साठवलं, गाणारे आणि गाणाऱ्या ठेवल्या, डोळ्यांनी जे मागितलं ते त्यांना दिलं. घोडबंदर रोडवरच्या होर्डिंगांवर जे लिहिलेलं असतं, ते सगळं त्याला मिळालं होतं. मग त्याने मागे वळून आपल्याच हातच्या कामाकडे पाहिलं आणि म्हणाला, हे सगळं व्यर्थ, वाऱ्याच्या पाठीस लागणं. चौथ्या अध्यायात आणखी एक माणूस आहे. त्याला ना मुलगा, ना भाऊ, पण कष्टाला अंत नाही. आपण हे कोणासाठी करतोय, हा प्रश्न त्याला पडतच नाही. तुम्हाला तो पडलाय.

मला यात दिलासा वाटतो तो असा. हे पुस्तक शास्त्रातून कुणी वगळलं नाही. ज्या देवाकडे आपण प्रार्थना करतो, त्यानेच ‘सूर्याखाली जे काही आहे ते माणसाला पुरत नाही’ हे म्हणणं आपल्या वचनात राहू दिलं. याचा अर्थ तुमची पोकळी खोटं बोलत नाहीये. ती एवढंच सांगतेय की घराने जे द्यायचं ते दिलं, नोकरीने दिलं ते दिलं, याहून जास्त त्यांच्याकडे नव्हतंच. त्याच पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलंय की देवाने माणसाच्या मनात अनंतकाळाविषयीची कल्पना घातली आहे. ज्याच्या मनात एवढं मोठं काही घातलंय, त्याला साडेसातशे चौरस फूट कसे पुरतील?

म्हणून माझी पहिली विनंती: ती जागा भरायची घाई करू नका. लोक काय काय भरतात ते मी पाहिलंय. कुणी दुसरं घर बुक करतं, कुणी ट्रेकला लागतं, कुणी रात्र रात्र मोबाइलवर घालवतं, आणि कुणी चर्चच्या कामात स्वतःला असं झोकून देतं की शांत बसायची पाळीच येऊ नये. ही शेवटची तऱ्हा सगळ्यात फसवी, कारण तिचं सगळे कौतुक करतात.

आशा या नावाखाली आपल्याकडे जे विकलं जातं, त्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. उलवे-पनवेलकडे जमीन घेतलेली माणसं वर्षानुवर्षं म्हणत होती, विमानतळ झाला की भाव चढतील. तो अंदाज होता, आणि अंदाज बरोबर ठरतो किंवा चुकतो. पण अगदी याच चालीवर बोलणारे उपदेशक आता हॉल भाड्याने घेऊन सभा भरवतात. विश्वास ठेव, दशांश दे, मग प्रमोशन, व्हिसा, मोठं घर. आजारी माणसाला सांगतात की तू बरा झाला नाहीस, म्हणजे तुझ्या विश्वासात खोट आहे. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. जे मिळूनही तुम्ही रिते आहात, तेच ही माणसं ख्रिस्ताच्या नावाने पुन्हा तुमच्यापुढे ठेवतात. येशूने लूक १२ मध्ये कोठारं पाडून मोठी बांधणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. त्या शेतकऱ्याला देव मूर्ख म्हणतो, आणि त्याच्याकडे धान्याची काही कमी नव्हती.

मग ख्रिस्ती आशा काय आहे? ती एका घडलेल्या गोष्टीवर उभी आहे. येशूला वधस्तंभावर मारलं, पुरलं, आणि तिसऱ्या दिवशी देवाने त्याला मेलेल्यांतून उठवलं. हे खरं असेल तर सगळं बदलतं. खोटं असेल तर ख्रिस्ती माणसाइतका कीव करण्याजोगा कुणी नाही. हे प्रेषित पौलच लिहितो, करिंथच्या मंडळीला पाठवलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात (१ करिंथ १५). तो अध्याय मंडळीत बहुतेक मयताच्या वेळी वाचला जातो, त्यामुळे तो कुणी शांतपणे ऐकलेलाच नसतो. घरी वाचा. हे पत्र येशूच्या मरणानंतर साधारण पंचवीस वर्षांतलं आहे. उठलेल्या प्रभूला कोणी कोणी पाहिलं, याची यादी पौल देतो: केफा म्हणजे पेत्र, बारा शिष्य, एकाच वेळी पाचशेहून जास्त बंधू. आणि पुढे म्हणतो की त्यातले बरेचसे अजून हयात आहेत. म्हणजे जा आणि विचारा. शुभवर्तमानं सांगतात की रिकामी कबर पहिल्यांदा स्त्रियांनी पाहिली. त्या काळी स्त्रीच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं, आणि लूक तर लिहितो की प्रेषितांना त्यांचं बोलणं बरळणं वाटलं. गोष्ट रचायची असती तर असे साक्षीदार कुणी निवडले नसते. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या. त्याने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. गालीलाच्या समुद्राकाठी कोळसे पेटवून त्यांच्यासाठी न्याहारी तयार ठेवली. आपल्या आशेला शरीर आहे. शरीर सोडून कुठेतरी विरून जाण्याची ती आशा नाही.

तुमच्या मुलीचं उत्तर इथेच आहे. ‘आजोबा तारा झाले’ असं सांगू नका. मुलं काही दिवस ऐकतात, नंतर त्यांना कळतं की मोठ्यांना उत्तर येत नव्हतं. तिला दोन गोष्टी सांगा. आजोबा आत्ता प्रभूजवळ आहेत, सुखरूप आहेत. येशूने शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ म्हटलं होतं, ‘आज’. आणि दुसरी, जी आपण मोठी माणसंही विसरतो: गोष्ट अजून संपलेली नाही, प्रभू आजोबांना पुन्हा उठवणार आहे. तिने विचारलं, कसे दिसतील, तर तुम्हाला माहीत नाही असं सांगा. पौलानेही तिथे बी आणि कणीस यापलीकडे सांगितलेलं नाही. आणि तिच्यासमोर रडू आलं तर रडा. लाजराच्या कबरेपाशी येशू रडला, तेव्हा आपण लाजराला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होतं.

वडिलांच्या दफनाच्या वेळी तुम्ही सुन्न असाल. पाळक काय म्हणाले ते कानावर पडलंही नसेल. म्हणून ते पुन्हा सांगतो. दोरांवरून पेटी खाली उतरते. खड्डा खणणारे कामगार फावडी टेकवून बाजूला उभे असतात. थोरला मुलगा पहिली मूठभर माती टाकतो आणि लाकडावर तिचा आवाज होतो. कितीही दफनं केली तरी त्या आवाजाची सवय होत नाही. मग पाळक म्हणतो: मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ. आणि त्याच वाक्यात, श्वास न सोडता, पुनरुत्थानाच्या खात्रीच्या आशेने. मागून बायका गीत धरतात. सुरुवातीला सूर लागत नाही, दुसऱ्या कडव्यापर्यंत लागतो. आपल्याकडच्या अनेक दफनभूमींत जागा इतकी कमी आहे की काही वर्षांनी तीच कबर उघडून दुसऱ्याला द्यावी लागते. कबरेवरचा दगडसुद्धा आपला राहत नाही. तरी आम्ही तिथे उभं राहून ‘खात्री’ म्हणतो, कारण ती खात्री दगडावर ठेवलेली नाही. ईस्टरच्या पहाटे काही मंडळ्या दफनभूमीतच उपासना करतात. कबरांवर मेणबत्त्या लावतात आणि एकमेकांना म्हणतात, ‘प्रभू उठला आहे!’ ‘खरोखर उठला आहे!’ तुम्ही ईस्टरला येताच. पुढच्या वेळी दहाच्या उपासनेऐवजी पहाटेच्या उपासनेला या. वडिलांपाशी उभं राहून हे शब्द उच्चारा.

ठाण्याच्या मातीला ही आशा नवखी नाही. १३२१ च्या सुमारास चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात उतरले होते: तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डेमेट्रियस. तेव्हाही इथे नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाची, ख्रिस्ती घरं होती आणि ते त्यांच्याकडेच राहिले होते. शहराच्या त्या वेळच्या अधिकाऱ्यांनी त्यांना ठार केलं. त्यांचा सोबती जॉर्डनस याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं. पुढे ओडोरिक नावाचा साधू आला, त्याने त्यांच्या अस्थी काढल्या आणि जिथे ते निघाले होते त्या चीनला नेल्या. ज्यांना पुनरुत्थान खोटं वाटतं, ते कुणाची हाडं घेऊन समुद्र ओलांडत नाहीत.

आता सोमवार सकाळ. तुमच्या पत्रातला हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर १ करिंथच्या त्याच पंधराव्या अध्यायाच्या शेवटी आहे. सत्तावन्न ओव्या पौल मरण, कबर, शेवटचा कर्णा आणि नवं शरीर यांविषयी लिहितो. आता तो म्हणेल, डोळे आकाशाकडे लावून बसा, असं वाटतं. अठ्ठावन्नाव्या ओवीत तो म्हणतो की प्रभूच्या कामात स्थिर राहा, कारण प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. आणि पुढचा अध्याय कशाने सुरू होतो? यरुशलेममधल्या गरजू बांधवांसाठीच्या वर्गणीने. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या कमाईप्रमाणे बाजूला काढून ठेवा. मला ही दोन वाक्यं लागोपाठ आलेली फार आवडतात. मेलेले उठणार आहेत, म्हणून पैसे गोळा करा. पुनरुत्थानावर ज्याचा खरा विश्वास आहे, तो इथल्या माणसांच्या भाकरीची काळजी करू लागतो, कारण देव ही पृथ्वी फेकून देणार नाही, नवी करणार आहे. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या अखेरीस माणसं वर जात नाहीत, देवाचं नगर खाली येतं, आणि राष्ट्रांचं वैभव त्यात आणलं जातं.

तुम्ही लिहिलेला कोड तीन वर्षांत मोडीत निघेल, हे खरं आहे. त्याला अनंतकाळ टिकणारं काम मानण्याचं कारण नाही. पण टीममधल्या नव्या मुलाला तुम्ही सगळ्यांदेखत अपमानित होऊ दिलं नाही, खोटा अहवाल द्यायला नकार दिला, रात्रपाळीच्या कॅब ड्रायव्हरला नावाने हाक मारली, हे देवाच्या हिशेबात राहतं. सुरुवात तुम्ही तिथून करा. नोकरी सोडून ‘काहीतरी अर्थपूर्ण’ शोधायला निघण्याआधी, आहे त्या खुर्चीत बसून हे सहा महिने करून पाहा. मोठे निर्णय शोकाच्या पहिल्या वर्षी घेऊ नयेत, असं माझं मत आहे आणि ते मी सगळ्यांना सांगतो.

प्रार्थना भिंतीशी बोलल्यासारखी वाटते, असं तुम्ही लिहिलंत. पंडिता रमाबाईंची आठवण होते. त्यांचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळात उपासमारीने गेले, १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की मला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो सापडायला त्यांना साधारण आठ वर्षं लागली. एवढी विदुषी, संस्कृत मुखोद्गत असलेली बाई आठ वर्षं धर्मात राहून शोधत होती. तुम्ही जन्माने धर्मात आहात, पण शोधायला कदाचित आत्ताच निघालात. यात शरमेचं काही नाही. रमाबाईंना जे मिळालं, त्याने त्या घरात बसल्या नाहीत. दुष्काळातून मुली आणल्या, केडगावला ‘मुक्ती’ हा निराधार स्त्रियांचा आश्रम उभा केला, विहिरी खणल्या, आणि आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. १९२२ मध्ये त्या गेल्या. पूर्ण बायबल छापून आलं ते त्यानंतर.

प्रार्थनेचे स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्रसंहितेतले उसने घ्या. ४२वं स्तोत्र वाचा, त्यात माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतो, तू का खिन्न झालास? तेही जड जात असेल तर ८८वं वाचा. ते काळोखात सुरू होतं आणि काळोखातच संपतं. शेवटी कसलंही समाधान नाही, तरी ते मंडळीच्या प्रार्थनांच्या पुस्तकात आहे. मुलगा गमावलेल्या एका आईबरोबर मी काही आठवडे फक्त हेच स्तोत्र वाचलं. दुसरं काही ऐकायची तिची तयारी नव्हती. पुढे एके दिवशी तिने स्वतःच ८९वं उघडलं.

खाडीकाठच्या कोळी बांधवांकडे पाहून मला इब्री लोकांस पत्रातली एक ओवी नीट कळली. तिथे आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. बेलापूरजवळच्या दिवाळे गावाच्या धक्क्यावर होडी नांगरलेली असते तेव्हा नांगर कुणाला दिसत नाही, तो खाली चिखलात असतो. भरती-ओहोटीला होडी हलते, फिरते, दोर ताणला जातो. आपल्याला होडीचं हलणंच तेवढं जाणवतं. तुमचं मन वर-खाली होईल. त्यावरून आशा आहे की गेली, हे ठरवू नका. पत्र लिहिणारा म्हणतो की हा नांगर मंदिराच्या पडद्याच्या आत, म्हणजे थेट देवाजवळ गेला आहे, जिथे येशू आपल्या आधी गेला. धरून ठेवायचं काम त्याचं आहे.

एक गोष्ट मात्र एकट्याने होत नाही. लूकच्या चोविसाव्या अध्यायात दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊसला निघाले आहेत. अंतर साधारण अकरा किलोमीटर, ठाणे स्टेशनहून चालत निघालात तर ऐरोली-रबाळे ओलांडून घणसोलीच्या आसपास पोचाल इतकं. ते म्हणतात, आम्हाला आशा होती. होती. आता नाही. उठलेला येशू त्यांच्याबरोबर चालत असतो आणि त्यांना ओळख पटत नाही. तो लगेच ओळख देतही नाही. कोणत्या गोष्टी घडल्या, असं विचारतो, आणि सगळं त्यांच्याच तोंडून ऐकून घेतो. मग शास्त्र उलगडतो. भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडतात. आणि ते काय करतात? रात्र झालेली असताना तेवढंच अंतर चालून परत मंडळीकडे जातात. ज्या माणसांना सोडून आले होते, त्यांच्याकडेच.

मंडळीकडे तुम्हाला परतायचं आहे. वर्षातून दोनदा येणाऱ्या माणसाला तिथे फक्त गर्दी आणि नवे कपडे दिसतात. साध्या रविवारी या, जेव्हा अर्धे बाक रिकामे असतात आणि वाजवणारा एखादा स्वर चुकतो. प्रभुभोजन असेल त्या दिवशी नक्की या. मनात काही जाणवलं नाही तरी हात पुढे करा. भाकर तुमच्या भावनेवर अवलंबून नाही. बायकोशी बोलण्याबद्दलही तेच म्हणेन. तुम्ही सांगितलेलं नाही म्हणजे तिला कळलेलं नाही, असं समजू नका. ती कदाचित वर्षभर दाराशी उभी आहे.

खारघर, नेरूळ, वाशी भागात मराठी, हिंदी, इंग्रजी, मल्याळम अशा अनेक भाषांतल्या मंडळ्या भरतात. कुठे जायचं हे ठरवताना मी काय पाहीन ते सांगतो. तिथे आजाऱ्याच्या घरी माणसं जातात का? पैशांचा हिशेब वर्षाकाठी सगळ्यांपुढे मांडला जातो का? शोकात असलेल्याला रडू देतात, की ‘देवाची इच्छा’ म्हणून गप्प बसवतात? उपदेशात ख्रिस्ताचं मरण आणि पुनरुत्थान ऐकू येतं की नुसतं यश? वाद्यं, एसी, पार्किंग हे नंतर. भाषेपुरतं सांगायचं तर, दुःखात माणसाला आईची भाषाच जवळची वाटते. मुलीला इंग्रजी सोपी जात असली, तरी वडिलांनी म्हटलेली गीतं जिथे म्हणतात तिथे काही महिने जा. पुढचं पुढे.

आणि जवळच्या एखाद्या घरी जा, जिथे नुकतंच कुणी गेलंय. काही शिकवायला नको. चहा घ्या, त्यांना बोलू द्या, फॉर्म भरायचे असतील तर भरा. मृत्यूचा दाखला, बँक, सोसायटी, पेन्शन, या कामांत माणूस एकटा पडतो, आणि तुम्ही हे सगळं आत्ताच केलेलं आहे. तुम्हाला ते जमेल.

पाळकांना भेटायचं असेल तर आधी फोन करा. रविवारी उपासना संपल्यावर दारात हस्तांदोलनाची रांग असते, तिथे हे बोलणं होणार नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ मागून घ्या. पत्नी यायला तयार असेल तर तिलाही न्या, आणि मुलीचा प्रश्न तिला स्वतःच विचारायचा असेल तर तीही आलेली चालेल.